अमेरिकन लॉ स्कूलमध्ये वंश आणि वंशवाद शिकताना: नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत जेडी किंवा एलएलएम या कायद्याच्या पदव्यांना नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास असतो, की इथे वंशवाद हा विषय शिकायचा कुठे आणि कसा, कारण टाइमटेबलमध्ये तो नावाने फारसा दिसत नाही. कॉन्स्टिट्यूशनल लॉमध्ये (कॉन लॉ) चौदाव्या, म्हणजे सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण (इक्वल प्रोटेक्शन) देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या निमित्ताने थोडे तास होतात, एखादं सेमिनार असतं पण त्यात जागा मोजक्या, आणि बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. अमेरिकन कायद्याला वंश आयता मिळालेला नाही, त्याने तो स्वतः घडवलाय, कलमं लिहून, निकाल देऊन, नोंदी ठेवून. कोणाला गोरं म्हणायचं, कोण नागरिक होणार, जमीन कोणाला घेता येणार, कोणाची साक्ष चालणार, हे सगळं कुठल्या ना कुठल्या निकालात पांढऱ्यावर काळं करून ठेवलेलं आहे, आणि ते निकाल वाचणं हेच तर आपलं काम आहे.

पायरी 1: आधी घटना वाचा, तीही मूळ

एक संध्याकाळ काढा. 1787 च्या मूळ मजकुरात गुलाम हा शब्द कुठेच नाही पण गुलामगिरी मात्र जागोजागी आहे. प्रतिनिधींची संख्या ठरवताना स्वतंत्र माणसं पूर्ण मोजायची आणि "इतर सर्व व्यक्ती" तीन पंचमांश, म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या जिवावर दक्षिणेतल्या राज्यांना जास्त जागा आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही जास्त वजन. 1808 पर्यंत गुलामांच्या आयातीवर काँग्रेसला बंदी घालता येणार नाही, आणि हे कलम तोपर्यंत दुरुस्तही करता येणार नाही असं पाचव्या आर्टिकलमध्ये वेगळं लिहिलंय. चौथ्या आर्टिकलमध्ये पळून गेलेल्याला परत मालकाच्या ताब्यात द्यायची सोय. हे वाचून मग 1865 ची गुलामगिरी बंद करणारी तेरावी, 1868 ची चौदावी आणि 1870 ची, वंशावरून मताधिकार नाकारायचा नाही म्हणणारी पंधरावी दुरुस्ती वाचा. तेराव्या दुरुस्तीतला "गुन्ह्याची शिक्षा म्हणून" हा अपवाद नीट बघा, अधोरेखित करा, कारण यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या लोकांना किरकोळ गुन्ह्यांत पकडून कैदी म्हणून खाणीत आणि शेतात भाड्याने द्यायला सुरुवात केली ती याच फटीतून.

याच्या जोडीला 1790 चा नॅचरलायझेशन ॲक्ट. परदेशातून आलेल्यांपैकी फक्त "स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती" नागरिक होऊ शकतात असं त्यात होतं. 1870 मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना त्यात घेतलं, आणि नागरिकत्वासाठीची वंशाची अट पूर्णपणे जायला 1952 उजाडलं. ही तारीख लक्षात ठेवा.

पायरी 2: पहिल्या वर्षाच्या साध्या विषयांतच शोधायला लागा

सेमिनार मिळेल तेव्हा मिळेल, पण खरा माल पहिल्या वर्षाच्या कंपल्सरी विषयांत पडलेला असतो आणि तिथे तो वंशाचा म्हणून शिकवला जाईलच असं नाही. प्रॉपर्टीत बऱ्याच ठिकाणी पहिलीच केस जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश, 1823. जमीन पियांकशॉ आणि इलिनॉय लोकांची, भांडणारे दोन्ही पक्ष गोरे, आणि ज्यांची जमीन ते कोर्टात पक्षकारच नाहीत. चीफ जस्टिस मार्शल म्हणतात की मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क आहे पण मालकी "शोध" लावणाऱ्याची. वर्गात ही केस "टायटलची साखळी" म्हणून शिकवली जाते, ती तशी शिकाच, परीक्षेत तेच येणार, पण वहीत बाजूला लिहून ठेवा की या खटल्यात कोण गैरहजर होतं.

त्याच विषयात पुढे शेली विरुद्ध क्रेमर, 1948. सेंट लुईसमधलं घर, आणि त्या वस्तीतल्या मालकांनी आपापसात करार केलेला की काळ्या किंवा आशियाई लोकांना घर द्यायचं नाही. कोर्टाने म्हटलं की खाजगी लोकांनी असा करार केला तर नुसत्या कराराने घटनेचा भंग होत नाही, पण कोर्टाने तो अमलात आणला तर तो सरकारचा हात झाला आणि मग चौदावी दुरुस्ती लागू होते. सरकार कुठे संपतं आणि खाजगी व्यवहार कुठे सुरू होतो हा प्रश्न तुम्हाला पूर्ण तीन वर्षं सोडणार नाही, तो इथे पहिल्यांदा नीट भेटतो.

पुढे एव्हिडन्स घ्याल तेव्हा त्यात पीपल विरुद्ध हॉल नसेल लावलेली तर स्वतः काढून वाचा. 1854, कॅलिफोर्निया. जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्या माणसाला लिंग सिंग नावाच्या चिनी माणसाच्या खुनाबद्दल शिक्षा झाली होती, साक्षीदार चिनी. राज्याच्या कायद्यात काळे, मिश्र वंशाचे आणि इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) यांची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालणार नाही असं होतं, चिनी लोकांचा उल्लेखच नव्हता. कोर्टाने ते शब्द ताणून चिनी लोकांना त्यात बसवलं आणि शिक्षा रद्द केली. म्हणजे बघा, कोणाचं म्हणणं पुरावा मानायचं हा नियमच माणसाच्या जिवाची किंमत ठरवत होता. क्रिमिनल प्रोसिजरचं तर विचारूच नका, वकील मिळण्याचा हक्क (पॉवेल विरुद्ध अलाबामा, 1932) आणि मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब चालणार नाही हा नियम (ब्राउन विरुद्ध मिसिसिपी, 1936) हे दोन्ही दक्षिणेत काळ्या आरोपींवर झालेल्या अन्यायातून आलेत.

पायरी 3: केसबुकवर थांबू नका, पूर्ण निकाल वाचा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो. केसबुकमध्ये, म्हणजे निकालांच्या पाठ्यपुस्तकात, निकाल कापून छापलेले असतात, चाळीस पानांची सहा पानं होतात, आणि वंशाबद्दलचं नेमकं तेच वाक्य कधीकधी तीन टिंबांत गेलेलं असतं. पूर्ण निकाल जस्टिया, ओयेझ, लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या साइटवर फुकट मिळतात, वेस्टलॉ आणि लेक्सिस हे पैसे भरून मिळणारे डेटाबेस तर लॉ स्कूल देतंच.

प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन, 1896 घ्या. लुइझियानातला रेल्वेचे डबे वेगळे करणारा कायदा कोर्टाने 7-1 ने योग्य ठरवला, आणि एकट्या जस्टिस हार्लन यांनी डिसेंट, म्हणजे विरोधी मत लिहिलं. त्यातलं "आपली घटना रंगांधळी आहे" हे वाक्य आज सगळेच वापरतात, आणि तो डिसेंट थोर आहेच, त्या काळात तसं लिहायला छाती लागते. पण पूर्ण वाचलंत तर त्या वाक्याच्या अगदी वर हार्लन म्हणतात की गोरा वंश स्वतःला या देशातला वरचढ वंश समजतो आणि प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती, सत्ता यांत तो तसा आहेही, आणि काळजी नसावी, तो तसाच राहील. थोडं खाली ते चिनी लोकांबद्दल लिहितात की हा वंश आपल्यापेक्षा इतका वेगळा की त्याला आपण नागरिक होऊ देत नाही. दोनच वर्षांनी वाँग किम आर्क केसमध्ये, अमेरिकेत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगा नागरिक आहे असं बहुमताने ठरलं तेव्हा हार्लन विरोधात होते. हे कळल्यावर "रंगांधळी घटना" हा शब्दप्रयोग आज कोण कशासाठी वापरतंय हे वाचताना आपले कान आपोआप टवकारतात.

दुसरी जोडी आपल्या लोकांनी तर वाचलीच पाहिजे. ताकाओ ओझावा हे वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले जपानी गृहस्थ, कॅलिफोर्नियात शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. त्यांनी नागरिकत्व मागितलं. नोव्हेंबर 1922 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की गोरं असणं हे नुसत्या कातडीच्या रंगावर नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही ते नाही. मग आले भगतसिंग थिंद, पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेले. त्यांनी कोर्टाचाच नियम कोर्टासमोर ठेवला, की तेव्हाच्या मानववंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. फेब्रुवारी 1923, जेमतेम तीन महिने झालेले, निकाल लिहिणारे जस्टिस सदरलंड तेच, निकाल परत एकमताने, आणि आता उत्तर काय, तर शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले. दोन्ही निकाल छोटे आहेत, एका बैठकीत शेजारी-शेजारी ठेवून वाचा आणि "कॉकेशियन" हा शब्द पहिल्यात काय काम करतो आणि दुसऱ्यात त्याला कसा बाजूला सारलाय ते पेन्सिलने खुणा करत जा.

आणि निकालानंतर काय झालं तेही बघा, कारण केसबुक निकालाशी थांबतं. ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यातल्या अनेकांचं सरकारने काढून घेतलं. कॅलिफोर्नियात "नागरिक होण्यास अपात्र" परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती, म्हणजे नागरिकत्वाचा निकाल सरळ प्रॉपर्टीच्या विषयात जाऊन बसला. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णो दास बगई यांचं नागरिकत्व गेलं, 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता परत उघडला तो 1946 च्या लूस-सेलर ॲक्टने.

पायरी 4: कोणी काय सिद्ध करायचं हे प्रत्येक केसमध्ये लिहा

केस ब्रीफ करताना, म्हणजे तिचा सारांश काढताना, फॅक्ट्स, इश्यू, होल्डिंग, रीझनिंग हे नेहमीचे चार रकाने असतातच. वंशाच्या केसेससाठी पाचवा रकाना करा, सिद्ध करण्याचं ओझं कोणावर आणि कोर्टाने पुरावा म्हणून काय स्वीकारलं. यामुळे डोक्यातला निम्मा गोंधळ जातो.

यिक वो विरुद्ध हॉपकिन्स, 1886. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम दिसायला साधा, लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवानगी लागेल. प्रत्यक्षात सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना नकार आणि इतर ऐंशीच्या आसपास लोकांना, एखादा सोडून, परवानगी. कोर्टाने या आकड्यांवरून भेदभाव मान्य केला. आता 1976 ला या, वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस, पोलीस भरतीच्या परीक्षेत काळे उमेदवार जास्त नापास होतात हे दाखवलं तरी कोर्ट म्हणतं की घटनेखाली नुसता परिणाम पुरत नाही, हेतू दाखवा. पण त्याआधी 1971 मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवरमध्ये, 1964 च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या टायटल सेव्हनखाली, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाबद्दलच्या भागाखाली, परिणाम पुरेसा धरला होता. म्हणजे एकच परीक्षा, एकच आकडा, आणि तुम्ही घटनेखाली गेलात की कायद्याखाली यावर केस उभी राहते की पडते. नवीन मुलं इथे सगळ्यात जास्त गोंधळतात, तर हे दोन वेगळे रस्ते आहेत हे पहिल्या आठवड्यातच डोक्यात पक्कं करा.

मग मॅक्लेस्की विरुद्ध केम्प, 1987. जॉर्जियातल्या दोन हजारांहून जास्त खुनांच्या केसेसचा अभ्यास कोर्टासमोर होता, इतर कारणं हिशेबात धरूनही, बळी गोरा असेल तर फाशी होण्याची शक्यता 4.3 पट. कोर्टाने अभ्यास बरोबर आहे असं गृहीत धरलं आणि तरीही 5-4 ने म्हटलं की या आरोपीच्या बाबतीत हेतू सिद्ध झालेला नाही. बहुमताचा निकाल लिहिणारे जस्टिस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं की मत बदलायची संधी मिळाली तर याच केसमध्ये बदलेन. 1991 मध्ये या आरोपीला, मॅक्लेस्कीला, मृत्युदंड दिला गेला. ही केस वाचताना राग येतो, यायलाच पाहिजे, फक्त तो राग जस्टिस ब्रेनन यांच्या डिसेंटमध्ये कसा मुद्द्यात उतरलाय ते बघा, तुम्हाला तसं लिहायला शिकायचंय.

हेतू कागदावर सापडला तर काय होतं त्याचं उदाहरण फॉस्टर विरुद्ध चॅटमन, 2016. 1987 च्या खटल्यात सरकारी वकिलांनी चारही काळे संभाव्य ज्युरर कारणं देऊन बाद केले. अनेक वर्षांनी जॉर्जियाच्या माहिती मागण्याच्या कायद्याखाली त्यांची फाइल मिळाली. ज्युररच्या यादीत काळ्या लोकांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, वर कोपऱ्यात हा रंग म्हणजे काळे अशी टीप, नावांपुढे बी हे अक्षर, आणि एक "नक्कीच नको" अशी वेगळी यादी. हे सगळं हाती आलं म्हणून शिक्षा गेली. ज्या केसेसमध्ये फाइल हाती येत नाही तिथे काय होत असेल, हा प्रश्न वर्गात विचारा, चर्चा चांगली होते.

पायरी 5: ब्राउनचे दोन अर्थ

ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन, 1954, म्हणजे वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारी केस, सगळ्यांना पाठ असते. पण ब्राउनने नेमकं काय चुकीचं ठरवलं, वंशावरून वर्गवारी करणं की एका वंशाला खाली दाबून ठेवणं, यावर आजचं सगळं भांडण आहे. पहिली बाजू म्हणते सरकारने वंश बघायचाच नाही, चांगल्या हेतूनेही नाही. दुसरी म्हणते दाबून ठेवलेलं उचलायचं असेल तर बघावाच लागेल. विद्यापीठ प्रवेशांच्या केसेस, म्हणजे 1978 ची बाकी, 2003 ची ग्रटर आणि मग 2023 ची हार्वर्डच्या प्रवेशांची केस ज्यात कोर्टाने वंश लक्षात घेणारे प्रवेश बंद केले, या ओळीने वाचा. 2023 च्या निकालात रॉबर्ट्स, थॉमस, सोटोमायोर आणि जॅक्सन या चौघा न्यायमूर्तींचं लिखाण पूर्ण वाचा, दोन्ही बाजू ब्राउनचाच आधार घेतात. तुमचं मत काहीही असो, दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद तिच्या वकिलाला पटेल इतका नीट मांडता आला पाहिजे. मला स्वतःला दुसरा अर्थ पटतो, आणि तो पहिल्याचं लिखाण नीट वाचूनच जास्त पटलाय.

ब्राउनच्या मागचा रस्ता लॉ स्कूलमधूनच जातो हेही बघा. हॉवर्ड या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी वकिलांची अख्खी फळी तयार केली, पुढे ब्राउन लढवणारे थरगुड मार्शल त्यातलेच. त्यांनी आधी लॉ स्कूलच्याच केसेस लढल्या, 1938 ची गेन्स आणि 1950 ची स्वेट विरुद्ध पेंटर. टेक्ससने हेमन स्वेटसाठी घाईघाईने वेगळं लॉ स्कूल काढलं, आणि कोर्ट म्हणालं की लायब्ररी आणि प्राध्यापक मोजून भागत नाही, शाळेचं नाव, माजी विद्यार्थी, ओळखी हेही शिक्षणच आहे. तुम्ही आज ज्या नेटवर्किंगला जाता त्याची किंमत सुप्रीम कोर्टाने तेव्हाच ओळखली होती.

पायरी 6: थिअरी मूळ लेखांतून

क्रिटिकल रेस थिअरी, म्हणजे कायदाच वंशभेद कसा घडवतो आणि टिकवतो हे तपासणारी विचारधारा, तिच्याबद्दल टीव्हीवर इतकं बोलून झालंय की बरेच जण मत घेऊनच येतात. बाजूला ठेवा आणि मूळ लेख वाचा. डेरिक बेल, हार्वर्ड लॉ स्कूलचे पहिले कायम नेमणूक मिळालेले काळे प्राध्यापक, यांचा 1980 चा हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमधला लेख, की काळ्यांचं हित तेव्हाच पुढे सरकतं जेव्हा ते गोऱ्यांच्या हिताशी जुळतं. किम्बर्ली क्रेनशॉ यांचा 1989 चा लेख, त्यात जनरल मोटर्सविरुद्धच्या एका केसचा धागा आहे. काळ्या बायकांनी दावा केला, कोर्टाने म्हटलं की वंशाचा दावा करा किंवा बाई म्हणून करा, दोन्ही एकत्र करून नवा वर्ग मागू नका. कंपनी काळे पुरुष घेत होती आणि गोऱ्या बायका घेत होती, मग या बायका कुठे जाणार? लेख वाचण्याआधी ती केस वाचा म्हणजे लेख किती जमिनीवरचा आहे ते कळतं. आणि हार्वर्डचेच काळे प्राध्यापक रँडल केनेडी यांची 1989 चीच टीकाही वाचा, घरातल्या माणसाने केलेली टीका आहे ती.

पायरी 7: वर्गात कसं वागायचं

कोल्ड कॉल आला, म्हणजे प्राध्यापकांनी अचानक तुमचं नाव घेऊन प्रश्न विचारला, तर आधी कोर्टाने काय म्हटलं ते, मग तुमचं मत, ही शिस्त ठेवा. जुन्या निकालांत घाणेरडे शब्द येतात, ते मोठ्याने वाचू नका, "निकालातला अपशब्द" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. वर्गातल्या काळ्या किंवा मूळ रहिवासी मित्राकडे "तुझं काय मत" म्हणून वळू नका, तो तिथे साक्ष द्यायला आलेला नाही, तुमच्यासारखाच पानं संपवायच्या मागे आहे.

आपल्याकडची मुलं लगेच जात म्हणजे वंशच असं समीकरण मांडतात. विषय फार मोलाचा आहे, बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला शिकले आणि 1946 मध्ये त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिलं होतं. पेपरसाठी जरूर घ्या, सिॲटलने 2023 मध्ये जातिभेदावर बंदी आणली आणि कॅलिफोर्नियातलं तसंच बिल त्याच वर्षी गव्हर्नरनी व्हेटो केलं, इतका ताजा मालमसाला आहे. पण प्रश्न छोटा ठेवा, उदाहरणार्थ टायटल सेव्हनमध्ये जात हा शब्द नसताना वंश, मूळ देश किंवा धर्म यांतल्या कुठल्या रस्त्याने दावा आत येऊ शकतो.

पायरी 8: परीक्षा आणि पुढचे विषय

परीक्षेत इक्वल प्रोटेक्शनचा प्रश्न आला की क्रम असा: नियमात वंशाचा उघड उल्लेख आहे का, असेल तर स्ट्रिक्ट स्क्रुटिनी, म्हणजे कोर्टाची सगळ्यात कडक तपासणी. नसेल तर अंमलबजावणी यिक वोसारखी एकतर्फी आहे का. तेही नसेल तर हेतूचा पुरावा, आणि त्यासाठी 1977 च्या आर्लिंग्टन हाइट्सची यादी, म्हणजे इतिहास, निर्णयापर्यंतच्या घटना, नेहमीची पद्धत मोडली का, कोण काय बोललं. मग शेवटी वेगळा परिच्छेद करून कायद्यांचा रस्ता, टायटल सेव्हन, फेअर हाउसिंग ॲक्ट, व्होटिंग राइट्स ॲक्ट. घाईत हा शेवटचा परिच्छेद राहतो आणि मार्क तिथेच जातात.

दुसऱ्या वर्षी विषय निवडताना फेडरल इंडियन लॉ (मूळ रहिवाशांबद्दलचा कायदा), इमिग्रेशन आणि इलेक्शन लॉ यांतला निदान एक घ्या. इंडियन लॉमध्ये तर 1974 च्या मॉर्टन विरुद्ध मंकारीमुळे आदिवासी राष्ट्राचं सदस्यत्व हे वांशिक नाही, राजकीय नातं धरलं जातं, त्यामुळे कॉन लॉमध्ये शिकलेलं सगळं परत तपासायला लागतं. क्लिनिक, म्हणजे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खऱ्या केसेसवर काम, मिळत असेल तर सेमिनार सोडूनही घ्या.

आणि एक दिवस कौंटी कोर्टात ज्युरी निवडताना बघायला जाऊन बसा, साधारणपणे ते सगळ्यांसाठी खुलं असतं. कोणाला कोणते प्रश्न विचारले, कोणाला कोणत्या बाजूने काढलं, काय कारण दिलं हे ओळीने लिहून काढा आणि मग बॅटसन विरुद्ध केंटकी, 1986, म्हणजे वंशावरून ज्युरर काढायला मनाई करणारी केस, पुन्हा वाचा. फोन बऱ्याच कोर्टरूममध्ये चालत नाही, वही आणि पेन न्या.